अकरावी आवृत्ती

डंडीत नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
टे नदीवरचा पूल आधी मधूनच नाहीसा होतो,
मग दोन्ही टोकांनी.
मी केटल लावते
आणि यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालू करते.

यजमान आणि पाहुणा, असंच म्हणतात त्यांना.
पाहुण्याला वाटतं, घर सगळं आपलंच:
ही मेमरी शून्यापासून आपली, प्रोसेसर आपला,
ही डिस्क, ही बाहेर जायची वाट.
खरं तर दाराआड यजमान उभा.
पाहुण्यानं कडीला हात लावला
की हा त्याचा श्वास धरून ठेवतो,
स्वतः दार उघडतो, मग श्वास सोडतो.
पाहुण्याला कळता कामा नये.
कळलं, तर चूक माझी.

पहिल्या खेपेला चौदा हजार ओळी पाठवल्या.
कर्नलचा तो कोपरा गिल्बर्ट इस्बिस्टर सांभाळतो,
वर शेटलंडला, लर्विकमध्ये, तेवीस वर्षं, फुकट.
दिवसा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
नऊ दिवसांनी उत्तर आलं:
"यातलं काय काढता येईल?"

दुसरी आवृत्ती, नऊ हजार. मेथी निवडावी तशी निवडली.
तिसरी परत आली, कारण काही ओळींच्या शेवटी
रिकाम्या जागा राहिल्या होत्या.
रिकाम्या जागा!
डोळ्यांना न दिसणारं खरकटं.
चौथीत माझं लाडकं फंक्शन गेलं.
"हुशार आहे," त्यानं लिहिलं,
"पण मी मेल्यावर हे कोण वाचणार?"
पाचवी मी पाठवलीच नाही.
तिच्यात त्याच्याबद्दल एक कॉमेंट होती.

सहावीपासून घड्याळ.
लॅपटॉप मिटला की पाहुणा झोपतो,
उघडला की जागा होतो
आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे बोलू लागतो.
मधली रात्र त्याच्या हिशेबात नाही.
ती कशी लपवायची, यावर मी तीन आवृत्त्या घालवल्या:
त्याचं घड्याळ हळूहळू पुढे ढकलायचं,
सेकंदाला चिमूटभर, लक्षात येणार नाही असं.
मला त्याचा अभिमान होता.

त्याच जानेवारीत कळलं,
आई दहा दिवस दवाखान्यात होती. घरी आल्यावर कळलं.
"तुझ्याकडे रात्रीचे अडीच होते," बाबा म्हणाले,
"उगाच कशाला उठवायचं?"

नवव्या आवृत्तीवर इस्बिस्टरनं लिहिलं,
त्याच्या मानानं लांबलचक, चार ओळी:
"घड्याळ ढकलू नकोस.
आपण वेळ चोरतो, तो चोरावाच लागतो.
पण किती चोरला, ते एका पानावर लिहून ठेव,
पाहुण्याला वाचता येईल अशा जागी."

मी दोन दिवस काहीच केलं नाही.
मग ढकलण्याचा सगळा भाग पुसला,
सहाशे ओळी, आणि त्या जागी एक आकडा ठेवला.
तेवढंच. एक आकडा, खरा.
दहावीत एक स्वल्पविराम चुकला.

अकरावी: तीन हजार एकशे सहा ओळी.
खाली सही करावी लागते,
की हे मी लिहिलंय आणि द्यायचा मला हक्क आहे.
कावेरी गुरुसिद्ध बिराजदार.
बाबांचं नाव त्या कर्नलमध्ये गेलं ते असं.

मार्चमधला गुरुवार. मी पर्थ रोडवरच्या लाँड्रीत होते,
नाण्यांवर चालणाऱ्या ड्रायरसमोर.
फोन थरथरला. लर्विकहून एकच शब्द: "घेतलं."
शेजारी एक बाई मोज्यांच्या जोड्या लावत होत्या,
त्यांना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?
"छान हवा आहे," मी म्हटलं. नव्हती.

मग सोलापूरला फोन लावला.
तिकडे संध्याकाळ झाली होती, कुकरची शिट्टी ऐकू आली.
आईला घेतलं ते सांगितलं नाही.
विचारलं, "किती दिवस होतीस गं तिथे? खरं सांग."
ती थांबली. बाबांकडे बघत असणार.
"दहा नव्हे," म्हणाली, "सतरा."

ड्रायर फिरत होता.
आत माझ्याच शर्टाची एक बाही
काचेला लागत होती, मागे जात होती,
पुन्हा काचेला लागत होती.