एकोणीस दिवस आधी

श्रीलता मोबाईलवर दगडाचा फोटो घेऊन आली.
रोमकडचं कुणाचं पोर. गेलं तो दिवस कोरलाय:
फेब्रुवारीच्या एक तारखेआधी, दिवस एकोणीस.
ते लोक म्हणे पुढच्या तारखेवरून मागे मोजत,
जसे आम्ही भद्रावती पेठेत
पगाराच्या शनिवारवरून.

तिने वजाबाकी केली. तेरा आली.
मी टॉवेल कारखान्यात चाळीस वर्षं हजेरी लिहिली,
म्हणालो, चौदा.
एकतीस, वर दोन, वजा एकोणीस.
‘दोन कसले, मामा?’
दोन्ही टोकं धरायची, पोरी.
सातच असतात, तरी आपण आठ दिवसांनी ये म्हणतो ना,
तसं.

तायम्माचा दहावा मी असाच काढला होता,
गेली तो दिवस पहिला धरून.
धाकटा ऐकेना.
‘त्या दिवशी सकाळी चहा प्यायली की ती,
तो कसा धरायचा?’

चौदा जानेवारी.
होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे लागतात तो दिवस.
तिकडे कुठला गड्डा.

श्रीलताने वहीतले तेरा खोडले.
दगडावर खाली पोराचं वयही होतं,
वर्षं, महिने, दिवस, सगळं.
ते मात्र
आम्ही पुन्हा मोजलं नाही.