उलटी बालदी

करमळीच्या तळ्यात, फेब्रुवारीच्या शेवटी,
आम्ही बुडाशी एक बालदी उलटी रोवून ठेवली.
पारदर्शक, ॲक्रिलिकची. कडेचा पत्रा
म्हापशाच्या एका वेल्डरकडून लावून घेतलेला,
त्याला वाटलं मासे पाळायचे आहेत.
बालदीखाली कोंडलं एवढंसं तळं:
वीतभर पाणी, आणि गाळ.
गाळात पाणकोंबड्यांची विष्ठा, कमळाचे कुजके देठ,
कोणाच्या तरी भाताची मुळं.

दर दोन तासांनी नळीतून घोटभर पाणी ओढायचं,
एवढंच काम.
इनास वल्हं आडवं टाकून विचारी,
बाय, चिखल काय पितो ते मोजतेस
की काय ओकतो ते?
दोन्ही, म्हटलं.
मग दोन पगार घे.

दिवसा गाळ चिकट हाताचा असतो.
वरून प्राणवायू झिरपतो, नखभर खोल,
तेवढ्यात लोखंड गंजतं
आणि गंजाच्या मुठीत फॉस्फरस घट्ट.
सुटतात ते फक्त बुडबुडे, दलदलीचा वायू,
जेवून पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या ढेकरांसारखे,
केव्हाही, कुठूनही.
इनासने एकावर पेटती विडी धरली.
पेटलं, म्हणाला.
नाही पेटलं, मी म्हटलं.
ते भांडण अजून मिटलेलं नाही.

रात्री साडेतीनला मीटरचा आकडा शून्याला टेकला.
वारा नाही. शेवाळ अंधारात बसून
स्वतःच दिवसा केलेली हवा खाऊन बसलेलं.
स्टेशनातून मालगाडी गेली, होडीखाली पाणी शहारलं,
आणि खाली (दिसत नाही, पण ठाऊक आहे)
मूठ उघडू लागली.
लोखंड विरघळलं. फॉस्फरस सुटला. अमोनिया निघाला
वरच्या पाण्याकडे, मुकाट्याने,
दार कोणी लोटलं हे न विचारता.

इनास, कोणी काही विचारलं नसताना, म्हणाला,
कुस्तोद स्विंडनला आहे. गोदामात.
आईच्या महिन्याच्या मिसेलाही आला नाही.
तिने त्याला पाठवलेले निरोप तिच्या फोनात आहेत,
आवाजातले.
मी ऐकत नाही. चार्ज मात्र करतो
रोज.

मी सिरिंज ओढत होते. चाळीस मिली.
झाकण लावलं, वेळ लिहिली: चार.
उरलेल्यासाठी वहीत रकाना नव्हता.

उजाडलं तेव्हा तो कोळंबीच्या भावावर बोलत होता,
आणि मागच्या पंचावर, यथेच्छ.
मीही विचारलं नाही.

प्रयोगशाळेत चारची बाटली काढली.
तळ्यात भरली तेव्हा नितळ होती.
झाकण नीट बसलं नसावं;
कदंबच्या बसमध्ये कुठेतरी हवा शिरली असणार.
बुडाशी तांबूस साका,
मूठ पुन्हा मिटलेली.
वहीत लिहिलं: नमुना बाद.
बाटली टाकली नाही,
खिडकीत आहे.