मे महिन्यात हीटर

एसी ठीक आहे, म्हटलं. सोलापूर आहे.
पण हीटर?
अंबादास येमूल नुसता हसला,
टॉवेलच्या कारखान्याची किल्ली बोटाभोवती फिरवत.
म्हणाला, बंदेनवाज, तू बसव.

गाडी चौसष्टची फियाट.
दार लावलं की लोखंडी कपाट लावल्यासारखा आवाज.
डॅशबोर्ड सगळा पत्र्याचा,
हवेला जाळी कापायची कुठं?
एवढ्या चांगल्या पत्र्याला ग्राइंडर लावायला
माझा हात होईना.
सिद्राम म्हणाला, मालक, खाली लपवू,
पायांच्या वर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं.
तीन दिवस आम्ही आळीपाळीनं उताणे,
छातीवर बॅटरी, तोंडात स्क्रू.

आधी डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला.
काँप्रेसर एका मोडीतल्या मारुतीचा,
ब्रॅकेट मात्र कुठल्याच गाडीचा बसेना,
तो पुठ्ठ्यावर आखला, वेल्डिंग केला, तोडला,
परत केला.
पट्टा एका रेषेत येईना.
दोन सूत. फक्त दोन सूत.
दोन सुतासाठी अख्खा गुरुवार गेला.
अंबादास म्हणाला, आमच्यात तरी काय वेगळं,
दोन सूत तुटलं की टॉवेल सेकंडात.

कूलिंग कॉइल विजापूर वेशीजवळच्या भंगारातली,
पात्या वाकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.
मी बारीक कंगवा घेऊन बसलो
एकेक पाती सरळ करत,
आणि आजा आठवला.
आम्ही नदाफ. आजा दारोदार
गाद्यांचा कापूस पिंजत फिरायचा,
धनुकलीची तात वाजली की गल्लीला कळायचं.
मी हवा पिंजतो.
काम तेच. गठ्ठा झालेलं मोकळं करायचं.

हीटरला इंजिनाचं गरम पाणी आत घ्यावं लागतं.
त्यासाठी पुढच्या पत्र्याला दोन भोकं
कंपनीनंच ठेवलेली,
वर टिकल्या मारून बंद केलेली, साठ वर्षं.
टिकल्या काढल्या तर वाळकं गवत निघालं,
उंदराचं घर,
आणि विडीचं एक थोटूक.

ट्रायलच्या दिवशी चव्वेचाळीस होतं.
अशोक चौकात गाड्या सिग्नलला थांबत नव्हत्या,
मागंच, झाडाच्या सावलीत थांबत होत्या.
येमूलनं वडलांना आणलं, पेंटप्पांना.
चाळीस वर्षं मिलच्या रंगखात्यात,
वाफेत उभे, पायाखाली उकळतं पाणी.
नखं निळसर.
रंगानं की वयानं, मी विचारलं नाही.
पुढं बसवलं. एसी सोडला.
जाळीपाशी थर्मामीटर धरला:
अकरा.
सिद्रामनं शिट्टी मारली.

पेंटप्पा म्हणाले, चलि.
मला वाटलं, चला म्हणतायत.
घेतली गाडी. अक्कलकोट रोड धरला.
चलि, परत म्हणाले.
मी आणखी दाबली.
चलि, चलि…
एमआयडीसीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत
आम्ही असेच गेलो,
आणि मागच्या सीटवर अंबादास
हसून हसून डोळे पुसत:
अरे, थंडी वाजतेय म्हणतायत ते, तेलुगूत!

मग मी बाजूला घेतली,
वाकून पितळी चावी फिरवली,
पायांकडची झडप उघडली.
आधी वास आला, तापल्या रबराचा,
मग ऊब.
पेंटप्पांनी चपला काढल्या.
पाय पुढं सरकवले, अगदी जाळीपर्यंत,
आणि डोळे मिटले.

बाहेर ऊन पत्र्यावर वाजत होतं.
माझ्या तोंडावर अकरा,
त्यांच्या तळव्यांना पन्नास,
कोणी बोललं नाही बराच वेळ.

बिल करताना सिद्राम म्हणाला,
हीटरची मजुरी किती लावू?
म्हटलं, लाव काय लावायची ती.
पण आधी खाली बघ,
उजवीकडची क्लिप थोडी गळतेय.