रुमालाखालचं प्रकरण

तिचं नाव ओडील.
हरिपुरात पोचेपर्यंत त्याचं वडील झालं,
मग वडीलबाई.
सव्वीस वर्षांची, उन्हानं नाक सोललेली,
आणि पेवांवर राखणीला बसलेले म्हातारेसुद्धा
सरकून जागा देत म्हणायचे,
‘या वडीलबाई, टेका.’

मी दुभाषा. दिवसाला चार रुपये, वर चहा.
इंटरला इंग्रजीत काठावर सुटलेलो.
तिचंही इंग्रजी उसनंच, म्हणून निभलं.

सांगलीच्या सौद्यात दोन माणसं
रुमालाखाली बोटं धरतात
आणि तोंडानं पोरीच्या सोयरिकीचं बोलतात,
हे तिनं पहिल्या दिवशी पाहिलं
आणि वही न उघडता तासभर उभी राहिली.
हळद उडत होती. तिच्या पापण्या पिवळ्या.
पॅरिसला तिच्या गुरुजींना तक्ता हवा होता:
कुठलं बोट म्हणजे किती,
मूठ कधी, चिमटा कशासाठी.

पण बाईचा हात रुमालाखाली घेणार कोण?
तवनाप्पा अडत्यानं सरळ हात जोडले.
‘बाकी कायबी इचारा.’

शेवटी चंद्राबाई मगदूम.
नवरा जाऊन दोन वर्षं, अडत बंद,
तराजूच्या साखळ्या खुंटीला.
एका माजघरात अकरा माणसं झोपायची त्यांच्यात,
म्हणून नवऱ्यानं तिला सौद्याची बोटं शिकवलेली.
रात्री गोधडीखाली बोलायचे दोघं.
भाव सोडून बाकी सगळं.

तिनं वडीलबाईचा हात पदराखाली ओढला.
मी पेन्सिल घेऊन सरसावलो,
तर म्हणाली, ‘तू जा रं, भडंग घेऊन ये.’
मी भडंग आणलं. कोणी शिवलं नाही.
दोघी हसत होत्या, मग हसत नव्हत्या,
तोंडातून एक अक्षर नाही,
आणि मी पुडा धरून उंबऱ्यावर,
चार रुपये फुकटचे.

निघताना चंद्राबाई एवढंच बोलली,
‘ह्ये लिवायचं न्हाई हां.’
मी इंग्रजी करायला तोंड उघडलं,
तोवर तिची मान हललीसुद्धा.

पुस्तक आलं चार वर्षांनी. चारशे पानं.
पेव कसं खणतात, आत कंदील सोडून
हवा कशी बघतात, विझला तर
माणूस कसा उतरत नाही,
हमालांची तोलाई, कडत्याची भांडणं, सगळं.
आभारात माझं नाव, एक अक्षर चुकून.
आणि सहाव्या प्रकरणानंतर थेट आठवं.

मोठी खुर्ची दुसऱ्याला गेली.
परीक्षकांनी विचारलं होतं, तक्ता कुठाय?
ती म्हणाली, आहे. दाखवणार नाही.
मग तीस वर्षं कुठल्याशा डोंगराळ गावात
पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत राहिली.
हे मला तिनं सांगितलं नाही.
तिची पत्रं जानेवारीत यायची, एका ओळीची:
‘इथे बर्फ. हळदीचा भाव काय?’
मी भाव कळवायचो.

पाच सालच्या पुरात कृष्णा पेवांत शिरली.
गावभर कुजक्या हळदीचा वास, दिवाळीपर्यंत.
पुढल्या हिवाळ्यात ती आली, गुडघे गेलेले,
खचलेल्या एका तोंडाशी वाकून म्हणाली,
‘कंदील आहे?’
नव्हता.
चंद्राबाईच्या घरी आता झेरॉक्सचं दुकान.

मिरज स्टेशनवर तिनं शाल काढली,
माझ्या हातावर टाकली, आणि खालून
तीन बोटं दाबली. मग मूठ.
मग तळव्यावर आडवी एक रेघ, सावकाश.
मी मान हलवली, कळल्यासारखी.
सदतीस वर्षांत तेवढं एक खोटं भाषांतर.

पुढच्या जानेवारीत पत्र आलं नाही.
फेब्रुवारीत आलं, तिच्या भाचीचं.

मार्केट यार्डात गेलो. तिथे आता पडद्यावर आकडे पळतात.
रसूल मुजावर तेवढा जुना हमाल, वडाखाली बसलेला.
त्याचा हात घेऊन मी करून दाखवलं:
तीन बोटं, मूठ, रेघ.
तो डोळे मिटून बराच वेळ धरून बसला.
म्हणाला, ‘तीन म्हंजे तीनशे असतंय, तीन हजारबी,
कवा कवा नुसतं थांब.
म्होरं माल काय हुता, मालक?’