सही जुळत नाही

टोलीडोत, टायरच्या दुकानाच्या वर
आमचं ऑफिस. खाली हवेचा पाना सुरू झाला
की आम्ही एका कानात बोट घालून फोनवर बोलतो.
चार टेबलं, पाच माणसं,
पाचवं कोण ते रोज बदलतं.

भिंतीवर काही नाही. मुद्दामच नाही.
लोर्ना एकदा लाल स्वेटर घालून आली
आणि दारातूनच मागे फिरली,
गाडीतला राखाडी कोट चढवून दिवसभर घामेजत बसली.
शाळेत ग्रंथपाल होती ती.
कुठलं पुस्तक घे ते सांगायचं नाही,
कपाट कुठे आहे ते सांगायचं.
म्हणते, हे काम मला येतच होतं.

तुरुंगातून सुटलेल्यांचे फोन आयझाया ग्रिग्जकडे.
त्याचं वाक्य एकच,
पण पहिल्यांदाच सांगतोय असं सांगतो:
बाहेर आलात त्याच दिवसापासून
तुम्हाला नाव नोंदवता येतं.
पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही.
तो थांबतो. थांबणं त्याला येतं.
त्याला स्वतःला हे कळायला अकरा वर्षं लागली,
सुटल्यावर अकरा.

आणि मी, ग्रीन कार्डवाली.
इथे मत नाही. तिथे चिपळूणच्या यादीत
नाव आहे अजून, मी नाही.

बुधवारी यादी आली:
टपालाने मत पाठवलेले, पण ज्यांची सही
जुन्या सहीशी जुळत नाही ते.
शनिवारपर्यंत खुलासा नाही, तर पाकीट उघडायचं नाही.
एकशे बारा नावं.
कुणाचं मधे लग्न झालेलं,
कुणी बॉनेटवर कागद ठेवून खरडलेलं.
एका पोराने सोळाव्या वर्षी लायसन्सवर
नावाखाली वेलबुट्टी काढली होती,
आता ती त्याची त्यालाच जमेना.

एमिल टोरोक फोन उचलत नव्हते.
गेले मग नदीपलीकडे, हंगेरियन चर्चच्या मागे.
अंगणात कुणा उमेदवाराची पाटी होती.
मी पाहिली नाही.
पाहिली, पण पाहिली नाही.

उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता,
कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.
या हाताने एकतीस वर्षं काच कापली,
एका रेघेत. मार्चमध्ये झटका आला.
आता मत डाव्या हाताचं, सहीही.
"ते म्हणतात, हा मी नाही."
म्हटलं, ते म्हणतात खात्री करून द्या.
"फरक काय?"
फरक होता. मला सांगता आला नाही.

हात धरायचा नाही, कागद धरायचा.
मी कागद धरला.
पहिल्या अक्षरालाच मिनिट गेलं,
शेवटच्याची शेपटी घरंगळत
टेबलाच्या लाकडावर उतरली.
मग विचारलं, तू कुणाला दिलंस?
मला मत नाही, म्हटलं.
माझ्याकडे बघत राहिले,
दोन सह्या शेजारी ठेवून बघावं तसे.
"मग ही उठाठेव कशाला?"

पेन्शनच्या खिडकीतून बाबांची सही परत आली होती.
शेवटी अंगठा घेतला.
एम.ए. झालेला माणूस
घरी येऊन अर्धा तास साबणाने हात धूत होता,
आणि आम्ही सगळे
टीव्हीचा आवाज वाढवून बसलो होतो.

हे काही त्यांना सांगितलं नाही.
कॉफी छान झालीय, म्हटलं. झाली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी लोर्नाने फळ्यावर लिहिलं: एकोणऐंशी.
बघत उभी राहिली. पुसलं.
तेहेतीस लिहिलं, आणि ते ठेवलं.

खाली टायरवाला शटर ओढत होता.
"काय, कोण आलं निवडून?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
आयझाया म्हणाला, थांब,
वर जाऊन बघून सांगतो.