पावती क्रमांक एक

डिचोलीच्या बाजारात, मासळी मार्केटच्या मागच्या बोळात
माझा छापखाना.
म्हणजे आता एक झेरॉक्स, एक कॉम्प्युटर
आणि पावत्यांवर नंबर मारणारं जुनं यंत्र
जे सत्तरीत शिरलं की अडकतं.
तसा मीही.

गावातली सगळी दया आधी माझ्याकडे येते,
उधारीवर.
शंभर पावत्या, डबल, फाडायला भोकांची रेघ, पिवळी कार्बनप्रत.
देवळाचा सभामंडप. शाळेचं छप्पर.
साखळीच्या वळणावरच्या कुत्र्यांसाठी शेड.
फुटबॉलच्या पोरांचे बूट.
पुस्तक शिवून होईस्तोवर गिऱ्हाईक बाकावर बसतं
आणि शाई वाळायच्या आत पहिलं पान फाडून
माझ्याच हातात ठेवतं:
‘भवानी तुमच्या हातची, भाई.’

मी देतो. पन्नास. कधी वीस.
या तालुक्यात पावती क्रमांक एक बहुतेक माझीच.
खिळ्याला टोचून ठेवतो. खिळा भरला की
बायको रद्दीत घालते, किलोला बारा रुपये.

खरं सांगू?
‘दात्यांनी सढळ हस्ते’ ही ओळ फाईलमध्ये तयारच असते,
फक्त नाव आणि आजार बदलायचा.
एकदा बदलायचा राहिला.
मुळगावच्या म्हाताऱ्याच्या फोटोखाली
गर्भाशयाचं ऑपरेशन छापलं गेलं.
तरी पैसे जमले.
कुणी वाचत नाही, हे त्या दिवशी कळलं.
आणि तरी देतात, हेही.

आता क्यूआर कोड छापतो.
रात्री अकराला फोन थरथरतो:
कुठला तरी पूर, कुणाचं तरी बाळ, कोटींचं इंजेक्शन,
‘देता नाही आलं तर निदान पुढे पाठवा.’
मी पाठवतो, मेव्हण्याला.
तो दुसऱ्या दिवशी मलाच परत पाठवतो.

मध्यंतरी एक वही केली. नियम लिहिले.
आधी गाव, मग तालुका.
देवाला शेवटी, त्याला देणारे खूप.
कुत्रे – प्रश्नचिन्ह.
दारूने गेलेल्या लिव्हरला नाही.
मग शेजारचा कामिलो आला,
पिवळ्या डोळ्यांनी हसत.
वही तिथेच संपली.

गेल्या बुधवारी, बाजाराच्या गर्दीत,
मयेहून सत्यवती माजीक आली.
पिशवीत पावतीपुस्तक, माझंच, अर्धं वापरलेलं.
पुस्तक दिसताच माझा हात पाकिटाकडे.
‘न्हय हो भाई,’ ती म्हणाली, ‘मागायला नाही आले.’

मुलगा बांबोळीला होता. ऑपरेशन सोळा तारखेला.
तो चौदाला गेला.
लागले तेवढे लागले. उरलेले ज्याचे त्याला,
हिशेब घालून, पिवळ्या प्रती बघून, नंबराप्रमाणे.
‘तुमचा एक.’

पन्नासातले बावीस.
दहाच्या दोन नोटा, दोनाचं नाणं.
‘मोजून घ्या.’
मी मोजले. दुसरं काय करणार.

मुलाचं नाव विचारायला तोंड उघडलं
आणि आठवलं, ते मीच छापलंय.
ठळक अक्षरात, फोटोखाली, दोनशे प्रती.
तोंड तसंच मिटलं.

पिवळ्या प्रतीवर तिने माझी सही घेतली
आणि समोर गेली. क्रमांक दोन, न्हावी.
तो जेवायला गेलेला.
ती त्याच्या पायरीवर बसून राहिली,
पिशवी मांडीवर, पिशवीवर दोन्ही हात.
मी पाणी न्यावं की नाही ठरवेपर्यंत
न्हावी आला.

बावीस रुपये अजून नंबराच्या यंत्रावर आहेत.
बायको पुसताना उचलते, परत तिथेच ठेवते.

आज सकाळी फुटबॉलची पोरं आली पुस्तक न्यायला.
मी पाकिटातून पन्नास काढले.
एकाने पहिलं पान उघडलं, पेनचं टोपण दातात धरून विचारलं,
‘नाव?’
‘आधी तुझं सांग.’
त्याने सांगितलं.
झेरॉक्स चालू होतं, नीट ऐकू आलं नाही.
मी मशीन बंद केलं
आणि पुन्हा विचारलं.