आधी वापरलेलं नाव

प्राध्यापक वोल्डेक, तुमच्या वहीला दोन रकाने होते.
डावा भरत गेला, उजवा जवळजवळ कोरा.
विसाव्या वर्षी मी ती अख्खी वही उतरवून काढली,
तार्तूच्या थंडीत,
शाई गोठू नये म्हणून दौत काखेत धरून,
आणि वाटलं, इतकं खरं मला कुणी सांगितलंच नव्हतं:
जन्म ही चूक,
शहाणपण म्हणजे दिवा मालवून गप्प बसणं.

मी बसलो. सात वर्षं बसलो.
गावी गेलो तरी आईकडे बघत
मनातल्या मनात डावा रकाना वाढवायचो:
भेगाळलेली बोटं. वाकलेली पाठ. रायची काळी भाकर.
तिनं विचारलं, शहरात काय शिकतोस?
म्हणालो, दुःख.
ती म्हणाली, त्याला तिथवर कशाला जायचं?
आणि वाडग्यात आणखी ताक ओतलं.

राग मानू नका,
पण तुमचा सिद्धान्त मी नेहमी जेवणानंतरच ऐकला.
ताटात बदकाची हाडं, चांदीच्या शमादानात मेणबत्त्या,
आणि ताटं उचलायला थांबलेली लीना
दाराशी जांभई गिळत.
तिला पहाटे चारला उठायचं असे.
ती कुठल्या रकान्यात, हे मी कधी विचारलं नाही.

मग वडील गेले.
दाखल्यासाठी चर्चमधलं जुनं बाड उघडलं.
हिंड्रेक. जन्म मार्च, मृत्यू त्याच साली जूनमध्ये.
पुढच्या पानावर पुन्हा हिंड्रेक.
तो मी.

माझं नाव आधी वापरलेलं होतं.
धुऊन, उन्हात वाळवून
तिनं ते मला घातलं,
थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं.
त्याबद्दल एक शब्द कधी बोलली नाही.

हे कुठे मांडायचं, प्राध्यापक?
मेलेलं लेकरू डावीकडे, कबूल.
ते काही केल्या खोडता येत नाही.
पण ज्या हाकेनं एकदा तोंड पोळलं
तीच हाक पुन्हा अंगणभर मारणारी बाई?
वही खोटी नव्हती तुमची.
अरुंद होती.
आणि बेरीज करणारा कधी बेरजेत धरलाच नव्हता.

लोक म्हणतात, त्यांच्याविरुद्ध लिही.
दोनदा बसलो. दोन्ही वेळा तुमचीच वाक्यं उतरली.
अजूनही ती माझ्या वाक्यांहून देखणी आहेत.

परवा तुम्ही निरोप धाडलात.
एमायोगीवरचा बर्फ फुटू लागला होता,
आमच्या भाषेत ती आई-नदी,
शिळांवर शिळा चढत होत्या, कण्हत, कडाडत.
पलंग खिडकीशी घ्या, म्हणालात,
ऐकायचंय.
मी हसलो नाही.
एका बाजूनं मी धरलं, दुसरीकडून लीनानं.
पाय गालिच्यात अडकला.
हळू, म्हणालात तुम्ही,
हळू, हळू.